स्थावर

खरेदीखतात एक शब्द असतो. आपण तो वाचतो आणि पुढे जातो: स्थावर. जे जागचं हलत नाही ते. हलतं ते जंगम: रोकड, दागिने, कापडाचे तागे, गुरंढोरं. चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर एक गाळा माझ्या नावावर आहे. त्याच्या खरेदीखतात हा शब्द अकरा वेळा आलाय, हे मी मोजलं ते २२ जुलै २०२१ ला गाळ्यातून पाणी जाऊन गेल्यावर. पूर आला की माणूस जंगम उचलतो आणि पळतो. स्थावराचं जे काही करायचं ते कोरड्या दिवसांत करून ठेवावं लागतं. माझे ते कोरडे दिवस कुठे कुठे वाया गेले, त्याचा हा हिशेब. शेवटच्या तासापर्यंतचा.

२६ जुलै २००५ (सोळा वर्षांना चार दिवस कमी)

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा महाराष्ट्र मुंबईकडे बघत राहिला. चिपळूणही बुडालं होतं. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. फळ्यावर वाशिष्ठी काढायचो: सह्याद्रीतून उतरणारी, चिपळूणला शिवनदीला पोटात घेणारी, दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळणारी. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, पुन्हा वीज करून याच नदीत सोडलं जातं, हे मुलं घोकून पाठ करायची. भरतीचं पाणी खाडीतून चिपळूणपर्यंत चढतं, हेही मी सांगायचो. परीक्षेला त्यावर दोन गुणांचा प्रश्न असायचा.

२०१६, खरेदीचा दिवस (पाच वर्षं आधी)

निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात आले. बँकेतल्या ठेवीचं व्याज दरवर्षी खाली येत होतं. बायको म्हणाली, "जमीन नको, कुणी तरी कुंपण सरकवतं. गाळा घ्या, महिन्याला भाडं येईल." गाळा २६ लाखांचा. सोळा माझे, दहा बँकेचे, पंधरा वर्षांच्या मुदतीनं. भाडं १२ हजार, हप्ता पावणेअकरा हजार. हप्ता भागून वर हजार-बाराशे उरायचे, तेवढ्यावर मी स्वतःला गुंतवणूकदार समजायला लागलो.

वकिलानं तीस वर्षांचा सर्च घेतला. मिळकत पत्रिका तपासली, बोजा नाही ना पाहिलं, विकणाऱ्याच्या बहिणींची हक्कसोड पत्रं पाहिली. कागद स्वच्छ होते. जागा बघायला गेलो तेव्हा भिंतींना नवा रंग होता, पण मागच्या खांबावर छातीइतक्या उंचीला एक आडवा पट्टा फुगून आला होता. रंगाखालून गिलावा सुटत होता.

"ही ओल कसली?"

"२००५ ची," एजंट म्हणाला. "सर, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. आपण गेल्यावर येईल पुढचा."

मी हसलो. खरं तर मी तिथेच कागद-पेन्सिल काढायला हवी होती. शंभर वर्षांत एकदा म्हणजे दर पावसाळ्यात शंभरात एक. पंधरा पावसाळे कर्ज फेडायचं, तर त्या मुदतीत तो पूर गाठण्याची शक्यता सुमारे १४ टक्के. जलसंपदा खातं निळी पूररेषा आखतं ती पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषेच्या आतल्या जागेवर पंधरा वर्षांचं कर्ज काढलं, तर त्या कर्जाच्या हयातीत पाणी घरात येण्याची शक्यता जवळजवळ ४६ टक्के. नाणेफेकीच्या आसपास. मालकी हक्काबद्दल मी वकिलाला चाळीस प्रश्न विचारले असतील. पाण्याबद्दल एकच विचारला, तोही एजंटाला.

जानेवारी २०२१ (सहा महिने आधी)

कर्जासाठी बँकेला इमारतीचा आगीचा विमा लागतो. दरवर्षी नूतनीकरणाचा कागद यायचा, मी सही करायचो. या साली विमा एजंटानं विचारलं, "वादळ-पुराचं कलम ठेवायचं की काढायचं? काढलं तर हप्ता थोडा कमी बसतो." त्या जुन्या प्रकारच्या पॉलिसीत ते कलम वगळायची सोय होती. करोनानं दोन लग्नसराया बुडवल्या होत्या. भाडेकरूचं साड्यांचं दुकान, तो तीन महिने अर्धंच भाडं देत होता आणि मी घरातला पैसा न् पैसा मोजत होतो. म्हटलं, काढा.

वाचले साडेतीनशे रुपये.

१ एप्रिल २०२१ (११२ दिवस आधी)

या दिवसापासून विमा नियामकानं देशभर नव्या ठरावीक पॉलिसी लागू केल्या. घरांसाठी 'भारत गृह रक्षा', आणि एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. दोन्हींत पूर मुळातच धरलेला. माझी पॉलिसी जानेवारीतली, जुन्या साच्याची. पुढच्या जानेवारीत नूतनीकरण झालं असतं तर पूर आपोआप आत आला असता. विम्यात तारीख हीच सगळ्यात महत्त्वाची ओळ असते, आणि ती आपण सगळ्यात कमी वाचतो.

बुधवार, २१ जुलै, संध्याकाळी ६

आदल्या दिवशी आषाढी झाली होती, आज बकरी ईद. भाडेकरू माझा जुना विद्यार्थी. त्याला मुबारक म्हणायला फोन केला.

"सर, शीरखुर्मा चुकला तुमचा. पाऊस बघताय ना?"

"इथेही कोसळतोय. माल वर घेतलास का?"

"खालचे दोन कप्पे रिकामे केले. २००५ ला पाणी छातीपर्यंत होतं, अब्बांनी खूण दाखवलीय. आता सगळं त्याच्या वरच आहे."

त्या रात्री आम्हा दोघांचं सगळं नियोजन त्या एका खुणेवर टेकलं होतं. त्यानं माल तिच्या वर ठेवला आणि मी मन. हवामान खात्याचा इशारा टीव्हीवर होता, पण कोकणात जुलैत इशारा नाही असा आठवडा कुठला?

रात्री १०

पावसानं आवाज बदलला. कोकणातल्या माणसाला तो आवाज कळतो. सरींमधली उसंत संपते आणि कौलांवर एकच सूर धरला जातो. अंथरुणावर पडल्या पडल्या मी तिथी मोजली. शनिवारी पौर्णिमा. म्हणजे उधाण चढतं आहे, आणि उद्या सकाळी उशिरा भरती. खाडी भरलेली असताना वाशिष्ठीला पाणी टाकायला जागा राहत नाही, आणि वाशिष्ठी तुंबली की शिवनदी उलटी गावात शिरते. दोन गुणांचा प्रश्न. उत्तर मला तीस वर्षं पाठ होतं.

मध्यरात्र, १२

फोन. "सर, अजून रस्ते कोरडे आहेत. पण गटारं भरलीत."

अजून वेळ होता. टेम्पो मिळाला असता तर माल पागेच्या चढावर, कुणा नातेवाइकाकडे हलवता आला असता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "एवढ्या रात्री टेम्पोवाला पाच हजार मागेल. आणि पाणी आलंच नाही तर?" मी गप्प बसलो. जानेवारीत साडेतीनशे वाचवणाऱ्या माणसानं त्याला काय सांगायचं?

गुरुवार, २२ जुलै, पहाटे ३

"गटारातून पाणी वर येतंय."

बाजारपेठेत नदी आधी जमिनीखालून येते. नाल्याचं तोंड नदीत बुडतं आणि पाणी उलट्या वाटेनं रस्त्यावर उगवतं. लोक नदीकडे बघत असतात आणि पाणी पायांतून येतं. त्यानं शटर उघडून गल्ला, हिशेबाच्या वह्या, साड्यांची दोन गाठोडी उचलली आणि वरच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात नेली. तिसऱ्या फेरीला पाणी गुडघ्यापर्यंत होतं. चौथी फेरी झाली नाही.

पहाटे ५

"सर, खूण बुडाली."

एवढंच वाक्य. २००५ ची खूण. तिच्यावर रचलेला सगळा माल त्या वेळी तरंगत होता. त्याच्याकडे बारा लाखांचा माल आणि माझ्याकडे खरेदीखत. त्याचं जंगम अर्ध्या तासानं तरी वाचलं असतं. माझं स्थावर सहा महिन्यांनीच वाचलं असतं.

सकाळी ७

फोन लागेना. टॉवर गेले, वीज गेली. मी टीव्हीसमोर. जुन्या बसस्थानकाची ओळख पटेना. तिथल्या आगारप्रमुखांनी आणि कर्मचाऱ्यांनी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर आसरा घेतला होता आणि कित्येक तास तिथेच काढले, ही गोष्ट नंतर गावभर सांगितली गेली. मला ती अजून आठवते. टपावर रोकड नेता येते. आगार नेता येत नाही.

सकाळी १०

भरती. खाडीनं दार लावलं. काही भागांत पाणी दहा-बारा फुटांच्याही वर गेलं. म्हणजे तळमजला नाहीसा. कामथे आणि चिपळूणदरम्यान वाशिष्ठीच्या पाण्यानं कोकण रेल्वे थांबली. मार्गावर ठिकठिकाणी सुमारे सहा हजार प्रवासी अडकले. मी बायकोला म्हटलं, निघतो. ती म्हणाली, "नव्वद किलोमीटर जाऊन काय कराल? पाण्याला भाडं मागाल?"

दुपारी ४

या वेळेला पैशाचा विचार करायची लाज वाटली. चिपळूणच्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावल्याचं पुढे कळलं. महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली. खेड तालुक्यातल्या पोसऱ्याच्या बौद्धवाडीवर दरड कोसळून सतरा माणसं गेली. त्यांच्यापुढे माझ्या नुकसानीला नुकसान म्हणायचं की नाही, हा प्रश्न मी आजही सोडवलेला नाही. तरी हिशेब लिहितो आहे, कारण पुढचा गाळा घेणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

रात्री ११

एका अनोळखी नंबरावरून तीस सेकंद: "आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. ठीक आहोत, सर. दुकान नाही."

शुक्रवार, २३ जुलै

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच रांगेच्या पश्चिम उताराचं पाणी वाशिष्ठी घेते. एनडीआरएफ, नौदल, होड्या, हेलिकॉप्टर. कोळकेवाडीतून पाणी सोडल्यानं पूर चढला की पावसानंच, हा वाद त्याच दिवशी सुरू झाला. मी त्यात पडत नाही. माझ्या गाळ्याला कुठलंही पाणी सारखंच होतं.

रविवार, २५ जुलै

पोचलो. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेही त्याच दिवशी बाजारपेठेत येऊन गेले. गाळ्यात गुडघाभर चिखल, छताच्या पंख्याला अडकलेली साडी. शटर आतून फुगलं होतं. भाडेकरू फावडं घेऊन उभा.

"थांब," मी म्हटलं. "आधी फोटो काढ."

एवढी एक गोष्ट मी बरोबर केली. पंचनामा आणि विम्याचा सर्वेक्षक येण्याआधी चिखल काढला की पुरावाही फावड्याबरोबर जातो. प्रत्येक कप्पा, प्रत्येक भिजलेलं गाठोडं, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, असे दोनशे फोटो आम्ही काढले. खरेदीची बिलं त्याच्या मोबाइलमध्ये होती, म्हणून वाचली.

त्याच्या मालाचा विमा होता, पुरासकट. पण रक्कम सहा लाखांची. ती त्यानं करोनात कमी केली होती, आणि दुकानात माल बारा लाखांचा. नुकसान दहा लाखांचं. विम्याचं गणित सरळ असतं: निम्म्या किमतीचा विमा, तर नुकसानीचेही निम्मेच. थोडीफार तफावत नव्या पॉलिसीत चालवून घेतात, निम्म्याची नाही. त्याला पाच लाख मिळाले. मला काही मिळालं नाही. माझ्या कागदावर आग होती, वीज पडणं होतं, स्फोट होता.

वायरिंग, फरशी, गिलावा, शटर, मीटर धरून तीन लाख चाळीस हजार. सात महिने भाडं नाही. हप्ता मात्र पाच तारखेला बिनचूक.

३ ऑगस्ट २०२१

सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कुटुंबाला दहा हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार. भाडेकरूला ती मदत मिळाली. माझ्या वाट्याला काही आलं नाही, आणि ते योग्यच होतं. सरकारी मदत माणसाला पुन्हा उभं करण्यापुरती असते. गुंतवणूक भरून देणं हे तिचं काम नाही. ते काम साडेतीनशे रुपयांचं होतं.

त्याच आठवड्यात भाडेकरू अनामतीचे एक लाख परत मागायला आला. करारात पुराबद्दल एक ओळ नव्हती. दुकान चालवता येत नसेल तर भाडं थांबतं का, दुरुस्ती कुणाची, अनामत कधी द्यायची, काहीच नाही. वकील म्हणाला, अडवून ठेवता येईल. मी सोनं गहाण टाकून पैसे दिले. तो विद्यार्थी होता म्हणून नव्हे; दुकान उभं राहिलं नाही तर गाळ्याला भाडं कोण देणार होतं?

डिसेंबर २०२१ (पूर ओसरून पाच महिने)

मी समजत होतो नुकसान संपलं. ते तेव्हा सुरू झालं.

पुरानंतर चिपळुणात दोन रेषांचा विषय पेटला. निळी, पंचवीस वर्षांच्या पुराची. लाल, शंभर वर्षांच्या. नदी आणि निळी यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधलं नियंत्रित. तिथे नवं बांधकाम करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यायचं. नकाशावर त्या रेषा ओढल्या की शहराचा मोठा भाग त्यांच्या आत येत होता. चिपळूण बचाव समितीनं उपोषण मांडलं: नदीतला गाळ काढा, आणि या रेषांचा फेरविचार करा. गाळ काढण्याचं काम पुढे मोठ्या प्रमाणात झालं, 'नाम फाउंडेशन'चाही त्याला हात लागला.

दोन्ही बाजू मला कळतात. भूगोलाचा मास्तर म्हणतो, रेषा खरी आहे, ती नदीनंच आखली आहे. गाळ्याचा मालक म्हणतो, ती रेषा माझ्या खरेदीखतावरून गेली. पाणी दोन दिवसांत ओसरलं. नकाशावरची रेष ओसरत नाही. इमारत उद्या जुनी झाली तर पुन्हा किती बांधता येईल, घेणाऱ्याला कर्ज मिळेल का, हे प्रश्न आता किमतीत मोजले जातात. स्थावराचं हे दुसरं बुडणं कुठल्याही विम्यात बसत नाही. त्यावर उपाय एकच होता: २०१६ साली रेषेची चौकशी करून मग किंमत ठरवणं. आणि फंडाची सगळी शिल्लक एकाच नदीच्या काठी न ठेवणं.

त्यानंतरचा एक दिवस

एक गिऱ्हाईक आलं. सोबत तोच, २०१६ चा एजंट. आदल्या दिवशी त्यानं फोन केला होता: "सर, डिस्टेंपरचा एक हात मारून घ्या. मागचा खांब विशेष."

खांबावर आता दोन खुणा आहेत. छातीजवळची जुनी, आणि माझ्या डोक्यावर चार हात उंच नवी. तिथे भाडेकरूनं ऑइलपेंटनं तारीख घातली आहे. मी रंग दिला नाही. गिऱ्हाईक खांबापुढे थांबलं.

"हे काय?"

"पाणी," मी म्हटलं. "शंभर वर्षांत एकदा येतं म्हणून मी २०१६ साली घेतला. पाच वर्षांत आलं."

त्यानं सहा लाख कमी सांगितले. एजंटाचं तोंड पडलं. मला ती किंमत अपमानाची वाटली नाही. पहिल्यांदाच कुणी तरी या गाळ्याची बरोबर किंमत लावत होतं. मी विचार करून सांगतो म्हटलं, आणि अजून सांगितलेलं नाही.

दरवर्षी मे संपता संपता भाडेकरूचा फोन येतो. पॉलिसीचा पहिला कागद, पुराच्या कलमासकट, मी त्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो. तो मालाच्या विम्याचा करतो, रक्कम दाखवून. टेम्पोवाल्याला जूनमध्येच हजार रुपये आगाऊ दिलेले असतात, रात्री दोनला हाक मारली तरी यायचं या बोलीवर. ते हजार दरवर्षी फुकट जातात.

"यंदाही फुकट गेले, सर," तो दिवाळीला सांगतो.

"जाऊ देत," मी म्हणतो. "पुढच्या वर्षीचे आत्ताच देऊन ठेव."